रानपिंगळा वाचवायच्या कामात नव्याने उतरताय? मग सुरुवात पाड्यावरून करा

रानपिंगळा म्हणजे जंगलातलं एक दुर्मिळ छोटं घुबड. त्याच्यासाठी "काहीतरी करायचंय" म्हणणारे बरेच जण भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, तो दिसेल कुठे? माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. हा पक्षी राहणार की जाणार हे ठरतं जंगलाला लागून असलेल्या पाड्यावर. सरपणाला कुठलं वाळकं झाड तोडायचं, मोहाखालचा पाला जाळायचा की झाडून काढायचा, शेतात उंदराला कुठलं औषध टाकायचं, असल्या रोजच्या गोष्टींवर. म्हणून आधी माणसं, मग झाडं, मग पक्षी. आजवर फारतर सोसायटीच्या आवारातले बुलबुल आणि दयाळ बघितलेत पण आता सातपुड्यात किंवा तानसाच्या बाजूला कामाला जायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

आधी गडी कोण ते बघून घ्या

ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षी अभ्यासकाने १८७३ मधे या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खरा म्हणावा असा पुरावाच नव्हता आणि लोकांनी तो संपला असं धरून टाकलं होतं. मग नोव्हेंबर १९९७ मधे पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तिघांना तो शहाद्याजवळ, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, परत सापडला. मधली ११३ वर्षं तो काही कुठे गेला नव्हता, तिथेच होता. मधे एक भानगड झाली होती. माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मधे गुजरातेत रानपिंगळा मारल्याचं सांगून नमुना दाखवला होता, तो म्युझियममधून चोरलेला जुना नमुना निघाला. पण ते उघड होईपर्यंत शोधणारे भलत्याच जागी शोधत राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे नोंदवहीचा विषय येईल तेव्हा कामाला येणार आहे.

आज महाराष्ट्रात तो मेळघाट, यावल, तोरणमाळचा पट्टा आणि २०१४ पासून ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात माहीत आहे. सगळ्यात जास्त मेळघाटात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत तो आधी अतिसंकटग्रस्त होता, २०१८ मधे एक पायरी खाली आणून संकटग्रस्त केला, ते मुख्यतः नव्या जागा सापडल्या म्हणून. जगभरात मोठे झालेले पक्षी हजाराच्या आतच धरले जातात, आणि सगळे भारतातच.

ओळखायला लोक फार घोळ घालतात. गावात, देवळाच्या कोनाड्यात, आंब्याच्या ढोलीत असतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं तपकिरी-राखाडी, ठिपके असले तरी पुसट. छाती भरीव तपकिरी, पोट मधोमध पांढरं स्वच्छ, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय इतके पिसांनी भरलेले की पांढरी पायजमी घातल्यासारखे दिसतात. तिसरा एक जंगल आउलेट, तो डोक्यापासून पोटापर्यंत बारीक बारीक पट्ट्यांचा, तो वेगळा. आणि मुख्य खूण म्हणजे रानपिंगळा दिवसा कामाला असतो. सकाळी चांगलं ऊन आल्यावर उघड्या वाळक्या फांदीवर बसून शेपटी झटझट आडवी हलवताना दिसला तर थांबा आणि नीट बघा.

पहिलं काम: गावात जा, पण दुर्बीण बॅगेतच ठेवा

दुर्बीण गळ्यात घालून पाड्यावर शिरलात की तुम्ही एकतर सर्व्हेवाले नाहीतर जंगलखात्याचे. दोन्हींचा अनुभव लोकांना फार गोड नाहीये, विशेषतः जिथे पुनर्वसनाचं बोलणं चालू आहे तिथे. त्यामुळे आधी पोलीस पाटील, सरपंच, पाड्याचा कारभारी यांना भेटा, नाव गाव सांगा, कोणी पाठवलं आणि पैसे कोण देतंय तेही सांगा (हे न विचारताच सांगावं, कारण तुम्ही गेल्यावर तीच चर्चा होणार आहे). मेळघाटात कोरकूंमधे भूमकाला, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूला, मान असतो, धडगाव-शहाद्याकडे पावरा-भिल्लांमधे पुजारा असतो, त्यांना टाळून काही उभं राहत नाही. आणि बायकांशी बोला, हे कळकळीने सांगतो. सरपण आणतात त्या, मोह वेचतात त्या, कुठल्या नाल्यात कुठलं झाड पोकळ आहे हे त्यांना तोंडपाठ असतं आणि बैठकीला मात्र पुढे बसलेले सगळे बाप्येच.

पक्ष्याचं नाव काढायची घाई करू नका. "दिवसा ओरडणारं घुबड कुठे दिसतं का" एवढं विचारलं तरी पुरे, फोटो दाखवायचा असेल तर तिन्ही घुबडांचे एकत्र दाखवा, एकटा रानपिंगळा दाखवलात तर पाहुण्याला बरं वाटावं म्हणून "हो हो हाच" म्हणणारे निघतातच.

परवानगीचं आधी उरकून घ्या

अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असंच पायी हिंडता येत नाही, परवानगी लागते, आणि अभ्यास म्हणून काही करायचं असेल तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच टाका. बीटचा वनरक्षक, त्याच्या वर वनपाल, त्याच्या वर आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी अशी ही साखळी आहे. वनरक्षकाशी जमलं तर निम्मं काम झालं, तो माणूस एकटा पायाखाली हजारभर हेक्टर तुडवत असतो आणि त्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही. सुरुवात करायला अभयारण्याबाहेरचं, गावाच्या ताब्यातलं किंवा सामूहिक वनहक्काचं (कायद्याने गावाला एकत्रित हक्क मिळालेलं) जंगल बरं, तिथे ग्रामसभेचं म्हणणं चालतं.

ढोल्यांची यादी, हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग

आता मुद्द्यावर येतो. रानपिंगळा स्वतः भोक पाडत नाही, त्याला तयार ढोली लागते. फांदी मोडली, तिथे पाणी मुरलं, लाकूड कुजलं, हळूहळू पोकळी झाली, अशी. मोठ्या जुन्या झाडांना होते, सालई, मोई, रोहण, सागाची जुनी खोडं वगैरे. ती तयार व्हायला कित्येक दशकं जातात आणि कुऱ्हाडीला अर्धा तास पुरतो. शिवाय एकाच ढोलीवर पोपट, साळुंक्या, खारी, घोरपड सगळ्यांचा डोळा. म्हणजे जंगल हिरवंगार दिसत असलं तरी ढोलीवाली झाडं गेली असतील तर पिंगळ्याच्या दृष्टीने ते रिकामंच.

म्हणून नव्या माणसाने गावातल्या दोघा-चौघांना बरोबर घेऊन ढोल्या मोजाव्या. यात पक्षी दिसायलाच पाहिजे असं काही नाही त्यामुळे नवख्याला जमतं, आणि हातात निघतं ते गावाच्या उपयोगाचं असतं. ऑक्टोबरच्या आधी करा, कारण त्यानंतर विणीचा हंगाम लागतो तो साधारण मे पर्यंत चालतो आणि तेव्हा प्रत्येक झाडाखाली जाऊन वर बघत बसणं बरं नाही.

साधी दोनशे पानी वही घ्या, ॲपच्या मागे लागू नका, तिथे रेंज नसते. पानावर काय लिहायचं त्याचा नमुना देतो: "मोठ्या नाल्याच्या वरच्या अंगाला, जुन्या शेताच्या बांधापाशी. मोई, जिवंत, वरची फांदी मोडकी. ढोली दोन माणसांच्या उंचीवर, तोंड उगवतीला. खाली विष्ठेचे पांढरे डाग, एक सरड्याची शेपूट. झाडावर कुऱ्हाडीचा एक जुना घाव." एवढंच. पण बघा, या चार ओळीत झाड कुठलं, जागा कुठली, वापरात आहे की नाही आणि धोका आहे का, सगळं आलं. जागेचं नाव गावातले लोक म्हणतात तेच लिहा, नाल्याला, टेकडीला, एखाद्या दगडाला सुद्धा नाव असतं आणि पुढच्या वर्षी जीपीएस नसला तरी कोणीही बोट धरून नेईल.

आणि वहीत खोटं काही लिहू नका. नुसता आवाज ऐकला तर "आवाज ऐकला" लिहा, शंका असेल तर शंका लिहा, "बहुतेक साधा पिंगळा" लिहायला लाज कसली. वर सांगितलेल्या त्या इंग्रज साहेबाच्या एका खोट्या नोंदीने लोकांना चुकीच्या राज्यात हिंडवलं. मोठेपणासाठी टाकलेली नोंद फक्त तुमच्या फेसबुकवर राहत नाही, उद्या कोणी त्यावर नकाशा काढतो.

यादी झाली की ती ग्रामसभेत वाचून दाखवा. मग लोकांनाच विचारायचं की यातली कुठली झाडं सोडता येतील. "एकही झाड तोडू नका" असं म्हणून चालणार नाही, चूल पेटायची असते. पण सगळं सरपण बाजूला ठेवून चाळीस-पन्नास ढोलीवाली झाडं सोडा एवढं मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, आणि गावाने स्वतः ठरवलं की पाळलंही जातं. काही ठिकाणी झाडाला रंगाचा पट्टा मारतात, मला ते पटत नाही, बाहेरच्याला आयती खूण मिळते.

हे कागदावर कुठे बसतं? दोन-तीन जागा आहेत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावात समिती फक्त बोर्डावर असते आणि नोंदवही कपाटात. ती मागून घ्या, उघडा आणि तुमची ढोल्यांची यादी त्यात जोडायचा ठराव घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेलं गाव असेल तर अजून चांगलं, त्यांना स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करता येतो आणि त्यात ढोलीची झाडं राखायचा नियम सरळ घालता येतो. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे, तिथल्या लोकांनी सामूहिक हक्क मिळाल्यावर उजाड जमिनीवर झाडोरा उभा केला आणि सीताफळाचं उत्पन्नही काढलं. आपल्याला पिंगळ्यासाठी नेमकी हीच वाट धरायची आहे, जंगलातून घरात चार पैसे आले की राखण आपोआप होते.

मोह आणि वणवा

विणीचा हंगाम आणि आगीचा हंगाम एकमेकांवर चढतात, ही मोठी अडचण. फेब्रुवारी-मार्चपासून मोह गळायला लागतो, पाल्यात फुलं सापडत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग वाऱ्याने पुढे जाते. तेव्हा ढोलीत पिल्लं असू शकतात. आग झाडावर चढली नाही तरी खालचे सरडे, सापसुरळ्या, उंदीर जातात, म्हणजे पिल्लांचं जेवणच गेलं.

इथे भाषण देऊ नका. मोहाचे पैसे त्या घराला वर्षभराच्या तेल-मिठाला असतात. पर्याय हातात देता आला तर बोला. झाडाखाली आधी फेब्रुवारीतच खराट्याने गोल झाडून घेणं, पाला बाहेरच्या बाजूला ढीग करून ठेवणं, नाहीतर झाडाखाली जुनी साडी किंवा शेडनेट चार खुंट्यांना बांधणं. नेटवरची फुलं स्वच्छ निघतात, माती लागत नाही, वाळवायला सोपी आणि भावही जरा बरा येतो, हे एका घरात करून दाखवलं की शेजारी विचारायला येतात. नेटला पैसे लागतात, तुमच्या ग्रुपला काही द्यायचंच असेल तर टीशर्ट आणि बॅनरऐवजी हे द्या. आणि जंगलखात्याच्या जाळरेषा (वणवा अडवायला आधीच साफ केलेले पट्टे) कधी काढणार ते विचारून त्यात गावातल्या पोरांना रोजगार मिळतो का बघा.

जनजागृती रॅली, शाळेतली चित्रकला स्पर्धा वगैरे... करा हवं तर, फोटो छान येतात.

उंदराचं औषध

जंगलाला लागून शेत असतं तिथे रानपिंगळा कडेच्या झाडांवर बसून शेतातला उंदीर उचलतो. ब्रोमाडायोलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा आयता उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. शेतकऱ्याला "घुबड मरतं" यापेक्षा "घुबड फुकटात उंदीर मारतं" हे जास्त पटतं. पिंजरे, बिळं खणणं, घुबडाला शेतात बसायला टी आकाराचे खांब, हे सुचवा. सगळे ऐकतील असं नाही.

दिवाळीच्या आसपास कान उघडे ठेवा

घुबडांवर अंधश्रद्धेचा जो काही भार आहे तो रानपिंगळ्यालाही भोगावा लागतो. अघोरी पूजेसाठी घुबडं पकडून विकणारे आहेत आणि अमावास्येच्या आधी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, मागणी वाढते. ही माणसं बऱ्याचदा बाहेरची असतात आणि गावात येऊन पोरांना विचारतात, घुबड आणून दे, एवढे देतो. म्हणजे तुम्ही केलेली ढोल्यांची यादी चुकीच्या हातात गेली तर काय होईल ते ओळखा. वही गावातच ठेवा, दोन जबाबदार माणसांकडे, व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो फिरवू नका.

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधे आहे, पकडला किंवा मारला तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. पण गावातल्या पोराला कायद्याची भीती घालण्यापेक्षा त्याला सांगून ठेवा की असा कोणी आला तर गाडीचा नंबर लक्षात ठेव आणि १९२६ ला फोन कर, ती वनविभागाची हेल्पलाईन आहे. स्वतः पकडायला जाऊ नका, तुम्हीही आणि त्यानेही.

भूमका किंवा पुजारा इथे फार उपयोगी पडतो. घुबड अशुभ आहे असं म्हणणाऱ्या आजीशी तुम्ही वाद घातलात तर ती गप्प बसेल आणि मत तेच ठेवेल. तोच विषय गावातल्या मानाच्या माणसाने काढला तर ऐकलं जातं.

आता पक्षी बघा, पण असा

एवढं झाल्यावर, गावातलंच कोणी एखाद दिवशी म्हणेल, चला दाखवतो. जा. सकाळी जा, दोघं-तिघंच जा, भडक कपडे नकोत. मोबाईलवर आवाज वाजवून बोलवायचं अजिबात नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आलाय असं समजून तो शिकार सोडून भांडायला येतो, ढोलीतली मादी आणि पिल्लं तेवढा वेळ उपाशी, कारण अंडी-पिल्लांच्या काळात मादी आत बसून असते आणि भरवायचं बरंचसं काम नराचंच. फोटोवाले सर्रास करतात आणि वर "पक्षी छान कोऑपरेट करत होता" असं लिहितात.

किती लांब उभं राहायचं याला मीटरचा नियम सांगत नाही, पक्षी स्वतः सांगतो. तुमच्याकडे टक लावून डोकं वरखाली करायला लागला, शेपटी जोरात झटकायला लागला किंवा तोंडात शिकार धरून ढोलीत जायचं टाळतोय असं दिसलं, तर तुम्ही जवळ आहात, मागे या. घरट्यापाशी दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका. फोटो टाकलात तर जिल्ह्याच्या पलीकडे जागा सांगू नका, मागचा ओळखीचा डोंगर फ्रेममधे आला असेल तर तोही कापा.

पिल्लू जमिनीवर दिसलं तर घरी आणू नका. उडायला शिकताना ती खाली येतातच. कुत्रं-मांजर असेल तर जवळच्या फांदीवर अलगद ठेवा आणि लांब व्हा, जखमी असेल तरच वनरक्षकाला बोलवा.

पैसे आणि वर्षाचं गणित

गावातली जी माणसं तुमच्याबरोबर हिंडतात त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या, "त्यांनाही निसर्गाची आवड आहे" वगैरे म्हणून फुकट राबवू नका. आवड असतेच पण त्या दिवशीचं शेतातलं काम बुडालेलं असतं. पुढे त्यातलेच एकदोघं तुमच्यापेक्षा चांगली वही लिहायला लागतात, तेव्हा वही त्यांच्या नावावर करा आणि अहवाल लिहाल तर त्यांचं नाव आधी घाला, अर्थात त्यांची हरकत नसेल तर.

वर्ष ढोबळमानाने असं लागतं: जून ते ऑगस्ट परवानग्या आणि ओळखीपाळखी, सप्टेंबरात ढोल्या, ऑक्टोबरपासून लांबून निरीक्षण. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो (मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत), त्यात ग्रामसभेत यादी वाचायला निमित्त मिळतं, अधिकारीही येतात. जानेवारीत मोहाच्या नेटची तयारी, फेब्रुवारी ते मे आगीवर लक्ष. पाऊस लागला की सालई-मोईच्या जाड फांद्या बांधावर रोवा, त्या जगतात, लागवडीला रोपवाटिका लागत नाही. आणि सप्टेंबरात जुनी वही घेऊन त्याच झाडांपाशी परत जायचं, कुठली उभी आहेत, कुठली गेली ते बघायला. गेलेल्या झाडापुढे कारण लिहा, वादळात पडलं, सरपणाला गेलं, रस्त्यात गेलं, जे असेल ते, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आरएफओकडे.